दुसरा बंब आला, माणसे आली नाहीत: एका नगरपरिषदेच्या अग्निशमन मनुष्यबळाचे प्रकरण

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका 'ब' वर्ग नगरपरिषदेचे आहे. मी तेव्हा तिथे लेखा विभागात होतो. अग्निशमनाच्या अनुदानाची प्रत्येक फाइल माझ्या टेबलावरून गेली आणि त्यातल्या एका चुकीच्या कागदावर माझीही सही आहे. गावाचे आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले, कुठे अडले आणि कुठे चुकले, ते मात्र जसे घडले तसे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गाव सत्तर हजारांच्या आसपासचे, कापसाचे. दिवाळीनंतर आवक सुरू झाली की गावाबाहेरच्या दोन्ही रस्त्यांवरच्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या) कारखान्यांच्या आवारात कापसाच्या गंज्या उभ्या राहतात आणि मार्चपर्यंत हलत नाहीत. कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये गेला, ठिणगी उडाली, की आग. कापसाची आग पाण्याने वरवर विझल्यासारखी दिसते आणि गंजीच्या पोटात धुमसत राहते. गंजी फोडून, कापूस पसरून, थर थर भिजवावा लागतो. हे काम पंपाचे नाही, हातांचे आहे. पुढचे सगळे प्रकरण या एका गोष्टीवर उभे आहे.

आमच्याकडे एक बंब होता. कागदावर अग्निशमन विभागाची मंजूर पदे आठ. प्रत्यक्षात कायम फायरमन तीन, त्यातले एक निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले. चालक दोन, एक कायम आणि एक रोजंदारीवर. रात्री बहुतेक वेळा केंद्रावर एकच माणूस असे. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तो चालकाला घरी फोन करी, पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमनला उठवी, आणि मग बंब निघे.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्यात सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. म्हणजे हे काम नगरपालिकांकडे सोपवण्याजोगे धरले गेले आणि आपल्याकडे ते त्यांच्याच गळ्यात आहे. पोलिसांचे तसे नाही. पोलीस हा राज्याचा विषय, शिपायाचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. आमच्या ठाण्यातही माणसे कमीच होती, पण त्यासाठी निरीक्षक साहेबांना घरपट्टीची वसुली बघावी लागत नव्हती. फायरमनचा पगार मात्र शेवटी गावाच्या वसुलीशी येऊन टेकतो.

पैसा कुठून कशासाठी येत होता

हा भाग रूक्ष आहे, पण तो नीट न समजल्यामुळेच आमची पहिली चूक झाली.

जकात गेल्यापासून राज्य सरकार नगरपरिषदांना सहायक अनुदान देते. आमच्याकडे ते आले की आधी कायम कर्मचाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन भागवायचे. बहुतेक महिन्यांत तेवढ्यालाही ते पुरत नसे. त्यातून नवे पद भरायचे तर ते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, हवे, आणि मंजूर पदही भरतीला परवानगी मिळेपर्यंत रिकामेच राहते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा बंधित भाग पाणी, स्वच्छता आणि घनकचऱ्याला बांधलेला. अबंधित भाग स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत असे, पण पगार आणि आस्थापना खर्च सोडून. जिल्हा वार्षिक योजनेतून अग्निशमनासाठी पैसा मिळतो तो गाडी, इमारत आणि साहित्यासाठी. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी त्यात स्वतःचा २५ टक्के वाटा घालायचा होता. तिच्यातही नवी केंद्रे, साहित्य, प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण, तंत्रज्ञान अशी खर्चाची शीर्षे होती. फायरमनचा पगार हे शीर्ष नव्हते.

म्हणजे वरून येणाऱ्या प्रत्येक वाटेने लोखंड येऊ शकत होते. माणूस एकाही वाटेने येत नव्हता.

अडचण कशी उघडी पडली

जिल्हा वार्षिक योजनेतून दुसऱ्या बंबासाठी प्रस्ताव मागवले गेले. निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपलेली होती, मुख्याधिकारी मॅडमच प्रशासक होत्या. प्रस्तावासोबत ठराव लागतो: वाहनाची देखभाल, इंधन आणि मनुष्यबळाचा खर्च नगरपरिषद स्वनिधीतून करेल. त्या ठरावाच्या टिपणीवर 'तरतूद उपलब्ध आहे' असे मी लिहिले. तरतूद इंधनाची होती. मनुष्यबळाचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता, मीही नाही. दरवर्षी असाच मजकूर जातो म्हणून तो गेला.

बंब मार्चअखेर आला. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले. मग तो पाण्याच्या टाकीच्या आवारात ताडपत्रीखाली उभा राहिला. आमचे सर्वांत जुने फायरमन भाऊ त्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, गाड्या दोन आना का चार आना, पाइप धराले मी एकटाच हाव." मी हसून विषय टाळला. ते वाक्य मला पुढे खूप दिवस टोचत राहिले.

पुढच्या जानेवारीत रात्री दीडच्या सुमारास एका जिनिंगमधून वर्दी आली. जुना बंब निघाला तेव्हा नोंदवहीत तेरा मिनिटे गेली होती. गाडीवर चालक आणि भाऊ, दोघेच. चालकाला पंप सोडता येईना, भाऊंना ब्रँच (पाइपाचे तोंड) सोडता येईना. गंजी फोडायला कोणी नव्हते म्हणून आवारातले हमाल उतरले, फावडी आणि हात घेऊन. त्यांच्यातला एक जण दोन्ही हातांना भाजला. दोन गंज्या पूर्ण गेल्या. दुसरा बंब अख्खी रात्र टाकीजवळ उभा होता.

सकाळी मॅडमनी नोंदवही मागवली. मागच्या तीन वर्षांच्या वर्द्या मी त्यांच्यासमोर बसून काढल्या. दिवसा गाडी तीन-चार मिनिटांत बाहेर पडत होती. रात्री अकरा ते चौदा मिनिटे. शहरी भागात घटनास्थळी पाच ते सात मिनिटांत पोहोचावे असे मानक सांगते. आमचा बंब तेवढ्या वेळात दारातूनही निघत नव्हता. हे कोणी लपवले नव्हते, रोज लिहिले जात होते. फक्त ते वाचायचे काम कोणाचे आहे हे ठरलेले नव्हते.

जागांचा हिशेब

त्या आठवड्यात आम्ही एक कागद तयार केला. खरे तर हा कागद प्रस्तावाच्या आधी व्हायला हवा होता.

बंबावरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला तीन पाळ्यांप्रमाणे १,०९५ पाळ्या होतात. एक माणूस वर्षात किती दिवस येतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्या वजा. अर्जित आणि किरकोळ रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून ४५ दिवस वजा. राहिले २६८. म्हणजे एका जागेला चार माणसेही थोडी कमी पडतात, ४.१ लागतात. बंबावर चालक, प्रमुख फायरमन आणि चार फायरमन अशा सहा जागा धरल्या तर २५ माणसे. दोन बंबांना ५०. आमच्याकडे पाच होती.

पर्याय आणि त्यांची चर्चा

पहिला विचार कायम पदांचा. नव्या आकृतिबंधात २५ पदे मागायची आणि नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत नगरविकास विभागाकडे प्रस्ताव पाठवायचा. मार्ग योग्य, पण त्याला वर्षे लागणार हे सगळ्यांना माहीत होते. तो पाठवायचा, पण त्याच्या भरवशावर बसायचे नाही, असे ठरले.

दुसरा पर्याय सफाई आणि पाणीपुरवठ्याच्या माणसांना प्रशिक्षण देऊन रात्रपाळीला लावण्याचा. आस्थापना विभागाला तो फार आवडला, कारण फुकट दिसत होता. भाऊंनी विरोध केला आणि तो बरोबर होता. पहाटे पाचला झाडू घेऊन निघणाऱ्या माणसाला रात्री दीड वाजता धुरात पाठवणे हा त्याच्यावर अन्याय, आणि आगीत अडकलेल्यावरही. व्हॉल्व्हमनला मात्र वर्दीची सूचना जावी आणि त्याने त्या भागाचे पाणी लगेच सोडावे, एवढे आम्ही ठेवले.

तिसरा पर्याय शेजारच्या नगरपरिषदेशी आणि औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राशी लेखी समझोता करण्याचा. मदत तोंडी आधीही मिळत होती. पण त्यांची गाडी यायला अर्धा तास, आणि त्यांच्याही हद्दीत जिनिंग होतेच. आधार म्हणून ठीक, पाया म्हणून नाही.

चौथा पर्याय एजन्सीमार्फत कंत्राटी माणसे घेण्याचा. खरी चर्चा इथे झाली, कारण पैसा कुठला हा प्रश्न इथे आला. एका सहकाऱ्याने सुचवले की वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून द्या आणि 'सेवा खर्च' असे दाखवा. मी नकार दिला. नाव काहीही दिले तरी तो मनुष्यबळाचाच खर्च होता. स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघाला असता आणि वसुली सही करणाऱ्यांवर आली असती. त्याहून मोठे कारण असे, की निधीचा हप्ता लांबला त्या महिन्यात बंबावरची माणसे घरी गेली असती.

मग राहिला स्वनिधी. इथे एक गोष्ट सापडली, जी आम्हाला आधीच ठाऊक असायला हवी होती. आमच्या मालमत्ता कराच्या बिलात 'अग्निशमन कर' अशी स्वतंत्र ओळ होती. बांधकाम परवानगी देताना अग्निशमन सेवा शुल्कही घेतले जात होते. दोन्हींचे पैसे सर्वसाधारण निधीत मिसळत आणि दिवाबत्तीच्या बिलात, डांबरात, कशातही जात. लोक आगीसाठी म्हणून भरत होते आणि बंबावर माणूस नव्हता. हा आकडा वेगळा काढला तेव्हा कळले, की वसुली नीट झाली तर तो वर्षाला पस्तीस लाखांच्या आसपास जातो.

काय केले

मॅडमनी तीन निर्णय घेतले. माझ्या मते पहिला सर्वांत धाडसाचा होता.

दोन बंब कागदावर चालवण्याऐवजी एकच बंब चोवीस तास खऱ्या माणसांनी चालवायचा. सहा जागांचा हट्ट सोडायचा आणि चार जागा कायम भरलेल्या ठेवायच्या: एक चालक-यंत्रचालक, तीन फायरमन. त्याला १७ माणसे लागतात. पाच होती, बारा घ्यायची: तीन चालक आणि नऊ फायरमन. नवा बंब राखीव. जुना दुरुस्तीला गेला तर तो, किंवा मोठी आग लागली आणि सुटीवरची माणसे बोलावली तर तो. असे लेखी मान्य करणे म्हणजे अनुदानातून घेतलेले वाहन पूर्ण वापरात नाही हे कबूल करणे. पुष्कळ अधिकारी हे कागदावर येऊ देत नाहीत. त्यांनी येऊ दिले.

दुसरा निर्णय, अग्निशमन कर आणि शुल्काचे स्वतंत्र उपखाते. कंत्राटी माणसांचे देयक त्यातूनच आणि दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

तिसरा, निविदेच्या अटींचा. फायरमनसाठी राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम उत्तीर्ण ही अट ठेवली. कायम भरतीत हीच अट असते. 'मजूर पुरवठा' म्हणून माणसे घेतली असती तर दर कमी आला असता. त्यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मॅडमनी विचारले, की भाजलेला हमालही मजूरच होता ना. वाद तिथेच थांबला.

महिना अठरा हजार वेतन, त्यावर भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा आणि एजन्सीचे सेवाशुल्क मिळून एका माणसामागे साडेएकवीस हजारांच्या आसपास. बारा जणांचे वर्षाला साधारण एकतीस लाख. एजन्सीने पहिल्या दरपत्रकात वर १८ टक्के जीएसटी लावला होता. स्थानिक प्राधिकरणाला घटनेच्या अनुच्छेद २४३-डब्ल्यू खालच्या कामासाठी दिलेल्या निव्वळ सेवेला जीएसटी माफ आहे, आणि अग्निशमन त्या कामांच्या यादीत, म्हणजे बाराव्या अनुसूचीत, आहे. निविदेत साहित्याचा पुरवठा नव्हता, फक्त सेवा होती. मी ती अधिसूचना फाइलला लावली आणि कर काढायला लावला. वर्षाचे साडेपाच लाख वाचले. ते गेले असते तर योजना पहिल्याच वर्षी बसली नसती.

परिणाम

पहिल्या तीन महिन्यांतच रात्री गाडी बाहेर पडण्याची वेळ दोन मिनिटांच्या आत आली. काही जादू नव्हती. माणसे केंद्रावरच झोपत होती, बूट पलंगाखाली होते.

पुढच्या हंगामात डिसेंबरमध्ये पुन्हा एका जिनिंगमध्ये आग लागली. चार जण निघाले, पाळी संपवून गेलेले तिघे परत आले, राखीव बंबही काढला. एक गंजी अर्धी गेली. हमालांना आवाराबाहेर ठेवले होते. भाऊ तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी त्या रात्री ब्रँच धरली नाही, पोरांना कुठून गंजी फोडायची ते दाखवत उभे राहिले.

दिवसपाळीला माणसे असल्यामुळे आणखी एक काम सुरू झाले, जे आम्ही योजलेलेही नव्हते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचे असते. आधी कोणी मागत नव्हते म्हणून कोणी देत नव्हते. आता दोघे जण प्रत्येक जिनिंगच्या दारात जाऊ लागले. काही कारखान्यांत पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या आणि गंज्यांमध्ये अंतर सोडले गेले.

आणि मग कंत्राट संपले.

ते अकरा महिन्यांचे होते. नव्या निविदेची फाइल वेळेत निघाली, पण एका शंकेवर अडकली, पुन्हा फिरली आणि मधल्या काळात मुदतवाढीचा आदेश निघाला नाही. एकोणीस दिवस बंबावर फक्त कायम माणसे होती. त्या दिवसांत मोठी वर्दी आली नाही, याचे श्रेय कोणालाही नाही. पण बारांपैकी पाच पोरे गेली. एक मोठ्या कारखान्याच्या सुरक्षा विभागात, बाकीचे दुसऱ्या शहरात. वर्षभर ज्यांनी गावाच्या गल्ल्या, विहिरी आणि टाक्या पाठ केल्या होत्या त्यांना आम्ही एका न निघालेल्या आदेशामुळे गमावले. मला या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत जास्त लागते, कारण तिला पैशाची कमतरता कारण नव्हती. उपखात्यात रक्कम पडून होती.

काय वेगळे करता आले असते

बंबाचा प्रस्ताव जाण्याआधी जागांचा कागद व्हायला हवा होता. तो झाला असता तर त्याच शीर्षाखाली गाडीऐवजी साहित्य मागता आले असते: श्वसनयंत्राचे संच, होज, गंजी ओढायचे लांब आकडे, केंद्रावर झोपायची खोली. पहिला हप्ता आल्यावरही प्रयोजन बदलून मागता येईल का हे आम्ही विचारले नाही. एकतीस मार्चला निधी व्यपगत होईल ही भीती इतकी मोठी होती, की गरज नसलेली वस्तू घेणे सोयीचे वाटले. 'तरतूद उपलब्ध आहे' हे माझे तीन शब्द त्याच भीतीतून आले होते. आज मी तिथे 'इंधनासाठी तरतूद आहे, मनुष्यबळासाठी नाही' असे लिहीन, मग प्रस्ताव राहिला तरी चालेल.

कंत्राट अकरा महिन्यांचे करायला नको होते. तीन वर्षांचे, दरवर्षी कामाचा आढावा घेऊन पुढे नेण्याच्या अटीवर, करता आले असते. नव्या निविदेचे काम मुदतीच्या चार महिने आधी सुरू व्हायला हवे होते आणि मुदतवाढीचा मसुदा आधीपासून तयार हवा होता. सेवेत खंड पडला तर जबाबदारी कोणाची, हेही आदेशात लिहायला हवे होते. ते लिहिले नव्हते म्हणून ती कोणाचीच झाली नाही.

एका बाबतीत माझे आणि मॅडमचे मत आजही वेगळे आहे. त्यांना वाटते की चार जागा भरल्या हे पुरेसे होते. मला वाटते की चारांवर आम्ही फार लवकर समाधान मानले. घरात शिरायची वेळ आली तर दोघे आत, एक पंपावर, एक बाहेर. मग आत गेलेल्यांना काही झाले तर त्यांना काढायला कोण? जिनिंगच्या मोकळ्या आवारात हा प्रश्न आला नाही. गावातल्या तीन मजली दुकानांच्या ओळीत तो येऊ शकतो. अग्निशमन कराची वसुली वाढवून निदान रात्रपाळीला पाचवी जागा भरता आली असती. तो आकडा मी मांडला, पण जोर लावला नाही.

शेवटचे एक राज्यस्तरावरचे. आकृतिबंधाच्या प्रस्तावात आम्ही २५ पदे मागितली, पण का मागितली हे एका वाक्यात लिहिले होते: 'शहराची वाढती लोकसंख्या विचारात घेता'. सगळ्या नगरपरिषदा हेच वाक्य लिहितात. तीन वर्षांच्या वर्द्या, गाडी निघायच्या वेळा आणि जागांचा हिशेब जोडलेला सुधारित प्रस्ताव पहिल्या हंगामानंतर गेला. २०२३ च्या राज्यस्तरीय भरतीनंतर आम्हाला अग्निशमन अधिकारी मिळाले. दर आठवड्याची कवायत आता तेच घेतात. फायरमनच्या पदांचा प्रस्ताव मी बदलून गेलो तेव्हा संचालनालयात होता. दुसरे कंत्राट सुरू होते. राखीव बंब दर सोमवारी सकाळी सुरू करून, पंप चालवून, पुन्हा शेडमध्ये लावत होते.